बारा पुड्या

६ मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार, आणि तो शब्दशः समज. आज सकाळचे तीन तास मी वाळूवर पालथीच पडलेली होते.

काल दुपारी पोचले. राहायला बंद पंपघरातली खोली मिळालीय. पत्र्याचं छप्पर, एक लोखंडी खाट, एक टेबल, त्याचा चौथा पाय विटांचा. भिंतीला अजून जुन्या मोटरच्या तेलाचा वास येतो. खिडकीतून नदी दिसते, म्हणजे अर्धा किलोमीटर रुंदीचे गोटे आणि वाळू दिसते. पाणी फक्त वळणाखालच्या डोहात. चार खाटा मावतील एवढा तो डोह.

तुला सगळं ठाऊक आहे, पण लिहून काढलं की माझं डोकं ताळ्यावर राहतं, म्हणून लिहिते. कंत्राटदाराने इथली वाळू आणि गोटे उपसायचा परवाना मागितलाय. नकाशावर वळण पिवळं रंगवलंय, तिथे खणायचं. दोन किलोमीटर वरचा कोरडा ओढा तपकिरी, तिथे नको असलेली माती आणि दगड टाकायचे. शाईथेंब हे फुलपाखरू या नकाशात जिथे जिवंत सापडेल तो भाग सोडायचा, असं तपासणी समितीने ठरवलंय. माझी तारखेनिशी नोंद आणि खाली माझी सही, एवढा पुरावा त्यांना पुरे. नोंद तीस मार्चपर्यंत गेली नाही तर दोन एप्रिलच्या सुनावणीत परवाना मंजूर. माझ्याकडे चोवीस दिवस आहेत.

सकाळी साताला डोहाकाठची वाळू हाताने सपाट करते, मिठाचं पाणी शिंपडते आणि वाट बघते. मीठ चोखायला नर उतरतात. आज तीन पिवळी आणि एक पांढरं उतरलं. नखाएवढं, मिटलं की राखेच्या रंगाचं, उघडलं की निळं, आणि मागच्या पंखावर पेनातून सांडल्यासारखा एकच काळा ठिपका असलेलं मात्र नाही. मिठापेक्षा खात्रीचा जो फुकटचा उपाय तू सांगितला होतास तो अजून केलेला नाही. ओसाड असली तरी नदी आहे, आडोसा लागतो.

पिण्याचं पाणी आणि टपाल दोन्ही कंत्राटदाराच्याच टँकरने येतं. ड्रायव्हर मला पाखरूबाई म्हणतो. हे पाखरू केवढ्याला जातं, असं त्याने विचारलं. कशालाच नाही म्हटल्यावर, मग घरच्यांनी तुम्हाला हाकलून दिलंय का, असं अगदी काळजीने विचारलं.

लोभ आहे तेवढा मला पुरतो. वाढवायचंच असेल तर डोहातलं पाणी वाढव.

तुझी,
भिंगरी


९ मार्च

चि. भिंगरीस
अनेक आशीर्वाद, आणि वटारलेला एक डोळा. दोन पानी पत्रात टोपीचा उल्लेख नाही याचा अर्थ मी जाणते. मुकाट्याने घाल.

पेटी आत्ता माझ्यासमोर उघडी आहे. बारा पाखरं, बारा टाचण्या, टाचण्यांखाली बारा चिठ्ठ्या. उजवीकडून तिसरं शाईथेंब. चिठ्ठीवर लिहिलंय: नदीपात्र, वळणाखालचा डोह, सकाळी. अक्षर तुझ्या बापाचं. एकोणीस वर्षांचा होता, पण छापखान्याने लाजावं असं लिहायचा. आमची पद्धत ठरलेली होती. मी नदीवर पाखरू पकडायचं, कागदाच्या त्रिकोणी पुडीत ठेवायचं, पुडीवर पेन्सिलीने जागा लिहायची. बाळने घरी पुडी उघडायची, पंख पसरून टाचायचं आणि पुडीवरची जागा चिठ्ठीवर उतरवायची. एक पुडी, एक पाखरू, एक चिठ्ठी. हा नियम मी त्याच्याकडून पाढ्यासारखा घोकून घेतला होता.

पण मला चिठ्ठीची गरज नाही. मला ती सकाळ दिसते. ओली वाळू, डोहापासून हातभर अंतर, पंख एकदा उघडले, एकदा मिटले, आणि ते माझ्या अंगठ्यावर आलं. गेली दहा वर्षं मी शाळांत, सभागृहांत, बाजारात खोक्यावर उभी राहून हेच सांगत आलेय. एक अख्खी नदी आपण सिमेंटमध्ये कालवून इमारतींच्या भिंतींत भरायला निघालो आहोत, आणि तिच्या बाजूने साक्ष द्यायला नखाएवढा जीव उरलाय. लोक मला वळणवाली बाई म्हणतात. मला ते आवडतं. तुझ्यापासून काय लपवायचं?

ते तिथेच आहे. जागची हलू नकोस.

फुकटच्या उपायाची लाज सोड. विज्ञानाला आडोसा लागत नाही.

आशीर्वाद आणि हुकूम एकत्रच पाठवते.
आत्या


११ मार्च

चि. भिंगरीस,
बाबांचे भरपूर आशीर्वाद.

दुकान ठीक. काल एक गृहस्थ कपाळावर चढवलेला चष्मा शोधत आले आणि त्यांना तो मीच शोधून दिला. तुझ्या भिंगावर वाळू बसली तर रुमालाने घासू नकोस, आधी फुंकर मार. ओरखडा पडला तर मी इथून काही करू शकत नाही.

ताईने तुझं पत्र वाचून दाखवलं. नकाशात तो वरचा ओढाही आहे, असं दिसतं. तिकडेही एखादी फेरी मारावीस असं मला उगाचच वाटतं. म्हणजे नकाशात आहे तर बघून घ्यावं, एवढंच. ताईला हे कळवू नकोस. मी तिच्या कामात नाक खुपसतो, असं तिला वाटेल.

पाणी उकळून पी. काळजी करणं हे माझं काम, ते मी चोख करतोय.
बाबा


१६ मार्च

ती. बाबांस,
कृ. सा. न. वि. वि. पत्र टँकरच्या बॉनेटवर लिहितेय, अक्षर माझं नाही, इंजिनाचं आहे.

अकरा सकाळी झाल्या. शाईथेंब नाही. डोह आता दोन खाटांचा उरलाय, काठची वाळू दहालाच तापते आणि हात टेकवत नाही. फुकटचा उपायही करून झाला. आणखी चार पिवळी आली, त्याउपर काही नाही.

यंत्रं मी आले तेव्हा पुलापलीकडे होती. आता पुलाच्या अलीकडे दोन पिवळे हात दिसतात. काल मुकादम आला. एक छापील कागद टेबलावर ठेवला: पाहणी केली, सदर फुलपाखरू आढळले नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. तीस तारखेला हेच लिहायचंय, ते आज लिहा, उद्या तुम्हाला घरी सोडायला गाडी पाठवतो. मी म्हटलं की पंधरा सकाळी शिल्लक आहेत आणि त्या माझ्या आहेत. जाताना तो एवढंच म्हणाला की टँकरच्या फेऱ्यांचं काही सांगता येत नाही, उन्हाळा तोंडावर आलाय.

ओढ्याचं तुम्ही का विचारलंत? तो ठणठणीत कोरडा आहे. तिकडे गेले तर इथली एक सकाळ बुडते, आणि अशा चौदाच आहेत. ही नाजूक जात जन्मल्यापासून मरेपर्यंत शंभर पावलांच्या बाहेर जात नाही, म्हणजे चिठ्ठीवर डोह असेल तर ते डोहाशीच असणार. चिठ्ठी तर तुम्हीच लिहिलीय. तुम्हाला काही माहीत असेल तर सरळ सांगा, उगाच वाटतं असं लिहू नका. मला इथे उगाच काही परवडत नाही.

तुमचीच,
भिंगरी


२० मार्च

चि. भिंगरीस
आशीर्वाद. आज थट्टा नाही.

मुकादमाचा कागद, पाण्याची धमकी, सगळं बाळकडून कळलं. तेव्हापासून मी खोलीत येरझाऱ्या घालतेय. त्या कंत्राटदाराच्या अर्जात काय आहे ते मी वाचलंय. काठावर वस्ती नाही, असं तो लिहितो. त्या वस्तीत मी स्वतः चहा प्यायलेय. नदी बारमाही कोरडी, असं लिहितो. तिच्या पुरात मी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिलेय. खोट्याची ही चळत दोन तारखेला टेबलावर येईल, आणि तिच्यासमोर आपण एक कोरा कागद ठेवायचा?

तुला दिसलं नाही म्हणजे ते नाही, असं होत नाही. मी पाहिलंय. जिथे तू पालथी पडतेस तिथेच पाहिलंय. म्हणून विचार करून लिहिते. नोंदवहीत एकच ओळ: चोवीस मार्च, सकाळी, डोहाकाठी, एक नर, उडताना. उडत्या पाखराचा फोटो कुणी मागत नाही. ती ओळ आज खोटी आणि चौतीस वर्षांपूर्वी खरी. एवढ्या फरकासाठी नदी घालवायची का, हे तू ठरव.

हे पत्र वाचून जाळ.
आत्या


२२ मार्च

ती. आत्यास,
नमस्कार. पत्र जाळलं नाही. वहीत ठेवलंय.

टँकर परवापासून येत नाही. टपालासाठी मी चार किलोमीटर चालून रस्त्यावर आलेय, तुझं पत्रही इथेच मिळालं. परत जाताना त्याच वाटेने पाण्याचे दोन कॅन उचलून न्यायचेत, म्हणून थोडक्यात लिहिते.

मी सात वर्षांची होते. तुझ्या अंगणात बसून पाखरं मोजायची होती. पिवळी कंटाळवाणी वाटली म्हणून मी एक निळं लिहिलं. तू रागावली नाहीस. फक्त ते पान मला फाडायला लावलंस आणि सगळी मोजणी पहिल्यापासून करून घेतलीस. दिसलं तेवढंच लिहायचं, म्हणालीस. मी या कामाला आले ती त्या फाटलेल्या पानामुळे. आता तू मला काय लिहायला सांगतेस, बघ.

तू कंत्राटदाराच्या खोट्याबद्दल लिहिलंस. त्याला ते शोभतं, त्याचा धंदा त्यावर चालतो. आपल्याकडे काय आहे? तुझी चिठ्ठी आणि माझी सही. चौतीस वर्षं त्या चिठ्ठीवर सगळे विश्वास ठेवतात, कारण लिहिणाऱ्याने पुडीवर होतं तेच उतरवलं. माझी सही त्या चिठ्ठीइतकीच खरी राहील. नाही दिसलं तर मी नाही दिसलं असं लिहीन. मग मी तुझ्याकडे येईन आणि आपण दोघी रडू. पण लिहीन ते हेच.

आठ सकाळी आहेत. ओठ फुटलेत, टोपी डोक्यावर आहे.

राग आला तरी लोभ तोडू नकोस.
भिंगरी


२३ मार्च

चि. बाळ यास आशीर्वाद.

तुझी लेक मला माझीच शिकवण ऐकवते. तिला समजावणं माझ्याच्याने होणार नाही, तू कर. खोटं लिही म्हणू नकोस, ते मी म्हणून बसलेय. तू फक्त तुला ठाऊक असलेलं खरं लिही: की शाईथेंबाची पुडी तू स्वतःच्या हाताने उघडलीस, पुडीवर वळणाखालचा डोह हे शब्द स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेस आणि चिठ्ठीवर उतरवलेस. तेवढ्याने तिला धीर येईल. बापाचा शब्द आहे, ती मानेल.

दोन ओळी लिहायला तुला चार दिवस लागतात, हे मला माहीत आहे. या वेळी लावू नकोस.
ताई


२५ मार्च
तातडीचं टपाल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद द्यायचा हक्क पत्राच्या शेवटी उरला तर देईन. हेच पत्र मी ताईलाही लिहिलंय, शब्दाला शब्द.

काल ताईने मला दोन ओळी मागितल्या. त्या मला लिहिता येत नाहीत, कारण त्या खऱ्या नाहीत.

चौतीस वर्षांपूर्वी ताईने नदीवरून बारा पुड्या आणून माझ्या टेबलावर ठेवल्या आणि ती शाळेत शिकवायला गेली. मला मित्रांबरोबर पोहायला जायचं होतं. एकेक पुडी उघडत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती. म्हणून मी बाराच्या बारा एकदम उघडल्या. प्रत्येक कागदावर त्याचं त्याचं पाखरू ठेवून ओळीने मांडलं, म्हणजे भराभर उरकेल. खोलीत उकडत होतं. मी पंखा लावला.

मेलेली पाखरं दुसऱ्यांदा उडाली. पाखरं आणि कागद, सगळं एकदम, पलंगाखाली, कपाटामागे. सगळं सापडलं, एकही पंख मोडला नाही. फक्त कुठलं पाखरू कुठल्या कागदावरचं ते कळेना. सात कागदांवर वळणाखालचा डोह लिहिलं होतं, पाचांवर कोरडा ओढा. मी अंदाजाने जोड्या लावल्या, माझ्या सुंदर अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या आणि पोहायला गेलो. अकरा पाखरं अशी होती की ती कुठेही सापडतात. बारावं तसं नव्हतं हे ताईला कळायला दोन वर्षं गेली, आणि ज्या दिवशी कळलं त्याच दिवशी ती ते चार लोकांना सांगून आली. मग चाळीस लोकांना. मग सभागृहाला. दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत राहिलो.

ते बारा कागद मी टाकले नाहीत. दुकानात, चष्म्याच्या स्क्रूंच्या डब्याखालच्या डब्यात आहेत. रोज माझ्या हाताशी भिंग असतं, आणि डबाही हाताशीच होता. काल ताईचं पत्र आल्यावर पहिल्यांदा तो उघडला. पंखांवरची धूळ म्हणजे बारीक खवले, ते कागदाच्या घडीत अडकून राहतात. दहापटीच्या भिंगाखाली बाराही घड्या पाहिल्या, प्रत्येक दोनदा. पिवळे, पांढरे, तपकिरी. एकाच घडीत निळे आणि राखाडी. बारांत दुसरं निळं पाखरू नव्हतं. त्या कागदावर ताईच्या पेन्सिलीत आहे: कोरडा ओढा, पांढऱ्या दगडांजवळ.

मागच्या पत्रात मी 'उगाच वाटतं' असं लिहिलं, कारण तेवढीच हिंमत होती. त्यात तुझ्या नऊ सकाळी गेल्या. तुला तहानलेली ठेवून मी इथे लोकांना लांबचं दिसावं म्हणून भिंगं बसवत होतो.

ओढ्यावर जा. आशीर्वाद घेशील तर आहेत.
बाबा


२९ मार्च

ती. बाबांस,
सा. न. आशीर्वाद घेतले. बाकी बोलायचंय ते समोरासमोर बोलू, तुम्ही पहिल्या रांगेत बसा.

तुमचं पत्र काल सकाळी साडेसातला आलं. आणणारा तोच टँकरवाला, पण आता त्याला ट्रकवर घातलंय. रस्त्यावरच्या टपालपेटीशी पोस्टमनने त्याच्या हातात दिलं. डोहाकाठी उभ्या उभ्या वाचलं आणि त्याला विचारलं की ओढ्यापर्यंत सोडशील का. तो म्हणाला की तिकडेच निघालोय, सोमवारपासून रोज आठ खेपा तिथेच रिकाम्या करतोय. परवाना नसताना. पुलाजवळची माती हलवायची घाई झाली होती म्हणे.

ट्रकच्या केबिनमध्ये मला एकच गोष्ट दिसत होती, ती म्हणजे आमच्या पाठीमागे भरलेली माती. ओढ्याचा अर्धा भाग बुजलाय बाबा. वरच्या अंगाला एक पट्टा उरलाय, तिथे गाईएवढे पांढरे दगड आहेत, आणि मागे आणखी तीन ट्रक येत होते. त्याने वाटेच्या सगळ्यात अरुंद जागी गाडी आडवी घातली, बॉनेट उघडलं, आणि इंजिन तापलंय, दुपारपर्यंत निवणार नाही, असं मागच्यांना ओरडून सांगितलं. इंजिन थंडगार होतं. वाटेत त्यानेच मला सांगितलं होतं की ही गाडी कधी तापत नाही.

मला वाटलं तिथे पाणी नाही म्हणजे पाखरू कुठे बसतं ते कळणार कसं. मग मी पाखरू शोधणं सोडलं आणि मुंग्या शोधल्या. या जातीची अळी गोड थेंब देते, म्हणून मुंग्या तिला राखतात, हे आत्याने मला लहानपणी अंगणातल्या नळाखाली पाय धूत असताना सांगितलं होतं. पांढऱ्या दगडांच्या सावलीत जमिनीला चिकटलेलं एक राखट काटेरी झुडूप आहे. मुंग्यांची रांग त्यावर चढत होती. कळीला चिकटलेली हिरवी अळी, तिच्याभोवती पाच मुंग्या. नऊ वाजता ऊन दगडावर आलं. सव्वानऊला झुडपातून राखेचा एक कपटा उठला आणि दगडावर बसला. मग पंख उघडले.

निळा रंग मी तुम्हाला सांगत नाही. तुम्ही त्याची धूळ पाहिलीय.

बारापर्यंत सात मोजली. सातही पन्नास पावलांच्या आत. फोटो घेतले, अळीचाही. काट्यात अडकून मेलेलं एक सापडलं, ते पुडीत घालून आत्याला पाठवलंय. ट्रकवाल्याने एक स्वतः पाहिलं. एवढंसंच आहे की, म्हणाला. संध्याकाळी त्याला कामावरून काढलं.

अहवाल आज दिला. ओढ्यात सात आणि अळ्या. वळणावर बावीस सकाळी, एकही नाही. ओढ्यात अचानक का गेलीस असं समिती विचारणार, म्हणून जुनी चिठ्ठी चुकीची असल्याचंही लिहावं लागलं. कागदांचा डबा घेऊन तुम्हाला सुनावणीला यावं लागेल.

आत्याला हे पत्र वाचून दाखवायची हिंमत मला नाही. तुम्ही दाखवा. आता तुमची पाळी.
भिंगरी


४ एप्रिल

चि. बाळ यास
आशीर्वाद लिहायला हात धजत नव्हता. दोन दिवस घेतले. तुझ्या चौतीस वर्षांपुढे ते काही नाही.

परवा तू डबा मांडीवर घेऊन बसला होतास आणि माझ्याकडे बघत नव्हतास, म्हणून समोर काय झालं ते लिहिते. वीस पानांचं भाषण मी घरी फाडून आले होते. मी उभी राहिले आणि सांगितलं की वळणाची नोंद चुकीची आहे, मी दहा वर्षं चुकीच्या जागेसाठी बोलले. कंत्राटदाराच्या वकिलाने हसून विचारलं, म्हणजे बाई, आजवर तुम्ही खोटंच सांगत होता का? मी हो म्हटलं. जागा खोटी होती, पाखरू खरं आहे. माझ्यासाठी ती जागा आजही खरी असल्यासारखी दिसते, हे त्याला सांगितलं नाही. तुला सांगते. ती ओली वाळू, हातभर अंतर, अंगठ्यावर आलेलं पाखरू. ते कधी घडलंच नाही, बाळ. तुझी चिठ्ठी वाचून वाचून मी ती सकाळ मनात बांधली, आणि शेकडो लोकांना दाखवली. आता डोळे मिटले की डोह दिसतो आणि पांढरे दगड काही केल्या आठवत नाहीत.

निकाल तू ऐकलास. ओढ्याला हात लावायचा नाही, टाकलेली माती हाताने उचलून न्यायची. वळण गेलं. सोमवारी यंत्रं डोहात उतरतील. मी जाऊन बघणार नाही.

तुला राग दाखवायचाय तो एवढाच. त्या संध्याकाळी पोहून आल्यावर सांगितलं असतंस तर एक चापट खाल्ली असतीस, आणि मी दहा वर्षं ओढ्यासाठी बोलले असते. आज तो अर्धा मातीखाली नसता. हा अर्धा ओढा तुझ्या नावावर आहे, तो मी तुला सोडून देऊ शकत नाही. पण तू एकोणिसाव्या वर्षी गप्प बसलास. मी बासष्टाव्या वर्षी, सगळं वाचून, सगळं शिकवून, त्या पोरीला खोटी ओळ लिही म्हणाले. तिने लिहिली असती तर ती चोवीस मार्चला डोहाकाठी नोंद टाकून घरी आली असती, आणि ओढा पुरता बुजला असता. आपण दोघांनी मिळून त्याला पुरलं असतं. तिने ती ओळ लिहायला नकार दिला म्हणून तो उरला. आपल्या घरात एवढं एक माणूस सरळ निघालं, याचं श्रेय कुणी घ्यायचं ते मला कळत नाही.

त्या ट्रकवाल्यासाठी मी शाळेच्या बसवर शब्द टाकलाय. गाडी तापल्याचं खोटं त्याला माफ.

यासोबत भिंगरीची पुडी पाठवते. वर तिची पेन्सिल आहे, मी उघडलेली नाही. पेटीत जुन्याच्या शेजारी जागा केलीय. जुनी चिठ्ठी काढून टाकायची नाही, तिच्याखाली दुसरी लावायची. दोन्ही तुझ्याच अक्षरात हव्यात. हात अजून तसाच चालतो ना?

लोभ तुटायचा होता, तुटला नाही. तसाच राहू दे.
ताई

ता. क. पुडी उघडण्याआधी पंखा बंद कर.